एक पोथी, अनेक बासनें

आमचें नरसिंहपूर नीरा-भीमेच्या संगमावर, पुणें जिल्ह्याच्या अगदीं टोंकास आहे. दोन्ही नद्यांच्या पैलतीरीं सोलापूर जिल्हा लागतो. बोली सर्वत्र एकच. पण जमिनीचा कज्जा निघाला, कीं कचेऱ्या दोन आणि दप्तरेंही दोन. संगणकाच्या जगांतही असाच प्रकार घडला, त्याचा इतिहास आज सांगावयाचा आहे.

१९९१ सालीं फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स ह्या विद्यार्थ्यानें लिनक्स नांवाचा गाभा जगापुढें ठेवला. नुसत्या गाभ्यावर घरगुती काम भागत नाहीं. म्हणून त्याभोंवतीं शेंकडों आज्ञावल्या जमवून निरनिराळ्या मंडळींनीं आपापल्या मांडण्या सिद्ध केल्या. त्यांस वितरणें म्हणतात. १६ ऑगस्ट १९९३ रोजीं इयन मर्डॉक ह्यांनीं डेबियनची घोषणा केली. डेब्रा ह्या मैत्रिणीचें नांव आधीं व स्वतःचें मागाहून, अशी ही रसिक जोडणी! १९९५ सालीं रेड हॅट ह्या अमेरिकन कंपनीनें आरपीएम ही आपली निराळी पद्धत काढली.

पद्धत कशाची, तर बांधणीची. पोथी जशी बासनांत बांधावी, तशी आज्ञावली बांधतात. आंत तिच्या फायली; वर तिचें नांव, आवृत्तीचा क्रमांक, आणि ती चालण्यास आधीं कोणकोणत्या आज्ञावल्या हव्यात त्यांची यादी. डेबियनचें बासन रेड हॅटच्या यंत्रावर सरळ बसत नाहीं. ओढूनताणून बसविलें, तरी यादींतलीं नांवें जुळत नाहींत.

लिबरऑफिस हें २०१० सालीं सुरू झालेलें, पत्रें व हिशेब लिहिण्याचें साधन मराठींतही मिळतें. पण त्याच्या मराठी पुरवणीचें नांव डेबियनमध्यें ‘लिबरऑफिस-एल१०एन-एमआर’, तर रेड हॅटच्या छायेंतील फेडोरामध्यें ‘लिबरऑफिस-लँगपॅक-एमआर’! शब्द तेच, बासनें दोन. रेड हॅटनेंच २००४ सालीं लोहित टंक प्रसिद्ध केले (लोहित म्हणजे तांबडा, लाल टोपीस साजेसें नांव). त्यांतील देवनागरी टंकाचीही तीच गत आहे. हें बांधण्याचें काम बहुधा मूळ कर्ता करीत नाहीं. प्रत्येक वितरणाचे राखणदार तें करतात, आणि त्यांपैकीं पुष्कळ जण विनावेतन राबतात.

ही दुहेरी मेहनत वांचावी म्हणून एकच बासन सर्वत्र चालविण्याचे यत्न झाले. त्यांपैकीं फ्लॅटपॅक हें नांव २०१६ पासून रूढ झालें. नवी आवृत्ति निघतांच ती सर्वांस मिळते, ही सोय मोठी खरी. परंतु जागा अधिक लागते. शिवाय एखाद्या सामाईक भागांत दोष निघाला, तर तो भाग ज्यानें ज्यानें आपल्या बासनांत घातला असेल, त्या प्रत्येकास गांठ पुन्हां सोडावी लागते. जुन्या रीतींत एक भाग बदलला, कीं सर्वांचें काम होई. मला तरी राखणदार असलेलें बासन अधिक भरंवशाचें वाटतें.

ह्या दोन रीतींची गांठ जून २०२३ मध्यें पडली. लिबरऑफिसचीं आरपीएम बासनें आपण यापुढें सांभाळणार नाहीं, फ्लॅटपॅक वापरावें, असें रेड हॅटच्या मंडळींनीं जाहीर केलें. फेडोराच्या परिभाषेंत तीं बासनें ‘अनाथ’ झालीं. त्याच महिन्यांत कांहीं स्वयंसेवकांनीं एकत्र येऊन त्यांचें पालकत्व पत्करलें, आणि मराठीची पुरवणीही त्यांच्याबरोबर फेडोरांत टिकली.