सायकल आवरण्याची विद्या

सायकल धावू कशी लागली हे सांगणारे पुष्कळ आहेत. ती थांबू कशी लागली, इकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. १८७० नंतर इंग्लंडात पुढचे चाक भले थोरले आणि मागचे चिमुकले अशी सायकल प्रचारात होती. तिच्या पुढच्या चाकावर चमच्यासारखी लोखंडी पट्टी दाबून वेग आवरीत. ती जोराने दाबली, तर स्वार हँडलवरून थेट रस्त्यावर कोसळे. ब्रेक दुबळा असणे हीच तेव्हा सुरक्षितता होती!

१८८५ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केंप स्टार्लीने 'रोव्हर' तयार केली. चाके जवळजवळ सारखी, स्वार खाली व मागे सरकलेला. आता ब्रेक जोराने लावण्यास हरकत उरली नाही. पण १८८८ मध्ये बेलफास्टच्या डनलॉप या पशुवैद्याने हवेचा टायर आणला. चमच्याने तो झिजू लागला, तेव्हा दाब टायरवरून काढून रिमवर देण्याची कल्पना रुजली.

तिची दोन घराणी झाली. एकात पोलादी सळ्या रबरी गट्ट्यांना रिमच्या आतील बाजूस ओढून टेकवितात. दुसऱ्यात गट्टे रिमच्या दोन्ही कडा चिमटीत धरतात. त्यांना ओढते ती नळीतून वळत जाणारी तार, जिचे पेटंट अर्नेस्ट बाउडेनने १८९६ मध्ये घेतले. (रॅले कारखान्याचे फ्रँक बाउडेन ते निराळे.) भारतात सळईचे घराणे दीर्घकाळ नांदले. वाकलेली सळई रस्त्याकडेचा कारागीरही सरळ करी. टपालवाला, दूधवाला, कचेरीतला कारकून यांना तेवढे पुरे होते.

खरी परीक्षा पावसाची. क्रोमचा मुलामा दिलेली पोलादी रिम भिजली, की रबर आणि धातू यांमध्ये पाण्याचा पातळ पडदा राहतो व गट्टा नुसता घसरतो. चाकाचे पहिले काही फेरे पाणी पुसण्यातच जातात, आणि तेवढ्यात चौक येतो. ॲल्युमिनियमची रिम ओली असताही पुष्कळच बरी पकड देते. परंतु ती आधी शर्यतीच्या सायकलींना मिळाली, रोज कचेरी गाठणाऱ्याला फार उशिरा. पोलादासाठी चामड्याचा थर दिलेले गट्टे निघाले, तेही सर्वत्र पोचले नाहीत.

म्हणून पोलादी रिमवाल्याने पावसात ब्रेक आधीच हलका टेकवून रिम पुसून घ्यावी, कडक झालेले गट्टे बदलावे, रिमला तेलाचा स्पर्शही होऊ देऊ नये. थांबताना भार पुढे जातो, त्यामुळे पुढचाच ब्रेक अधिक काम करतो. तरीही अनेकजण तो भीतीने लावीत नाहीत; ती भीती त्या थोरल्या चाकाच्या काळची आहे.