दोन जिवांचं काम

पोटुशी बाईला आपल्याकडे सगळे सांगतात, "दोन जिवांची आहेस, नीट खा." पण तिच्या स्वादुपिंडालाही जास्तीचं काम पडतं, हे कुणी सांगत नाही. वारेतल्या संप्रेरकांमुळे आईच्या शरीरावर इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो. मग बीटा पेशी वाढतात, जवळजवळ दुप्पट इन्सुलिन सोडतात. नाही झेपलं, तर गरोदरपणातला मधुमेह.

पण या पेशींचं बळ ठरतं कधी? १९९३ साली पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा, दिवस जाण्याआधीपासून, अभ्यास सुरू केला. बाळं सरासरी २.७ किलोंची. इंग्लंडमधल्या बाळांशेजारी लुकडीच, पण अंगावरची चरबी तेवढी टिकून! ती मुलं १८ वर्षांची झाल्यावर ज्यांची साखर वाढलेली निघाली, त्यांची वाढ पोटातच कमी झालेली होती आणि त्यांच्या बीटा पेशी लहानपणापासून अपुऱ्या पडत होत्या.

त्यातल्या कितीतरी मुली आता स्वतः आया झाल्यात. म्हणून एखादीला "गोड खाल्लंस, म्हणूनच झालं" म्हणताना हल्ली जीभ अडखळते. तिचा हिशेब कदाचित शेतात राबणाऱ्या तिच्या आईच्या पोटातच सुरू झाला असेल.