दोन सीसीआय आणि यवतमाळचा कापूस

यवतमाळात कुठल्याही टपरीवर 'सीसीआय' म्हणा, सगळ्यांना कापूस खरेदी केंद्रच आठवतं. म्हणजे भारतीय कपास निगम, १९७० ची सरकारी कंपनी. पण दिल्लीत अजून एक सीसीआय आहे, भारतीय स्पर्धा आयोग. आजची गोष्ट या दोघांच्या मधल्या रिकाम्या जागेची.

१९७२ च्या हंगामापासून महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. कापूस विकायचा तो सरकारी केंद्रावर. व्यापाऱ्याला द्यायचा नाही, राज्याबाहेर न्यायचा नाही. अख्खं राज्य म्हणजे एक बंद बाजार. भाव ठरलेला, ग्रेडर सरकारचा, आणि चुकारा मिळेल तेव्हा मिळेल!

पांढरकवड्याकडच्यांना हे जास्त टोचायचं. पैनगंगेपलीकडे आदिलाबाद, तिथे बाजार खुला. तिकडे भाव चढला की आपला कापूस चोरून पलीकडे. इकडे चढला की परराज्यातला कापूस आपल्या केंद्रावर. तोटा दोन्हीकडून योजनेचाच. शरद जोशींची शेतकरी संघटना ही बंदी उठवा म्हणत राहिली. शेवटी २००२ मध्ये खासगी व्यापाऱ्यांना दार उघडलं.

पण प्रतवारी, वजन, भाव हे सगळं ज्या एका हातात होतं तो हात सुटला, आणि लगाम धरायला नवं कोण? स्पर्धा कायदा २००२ चाच, मात्र व्यापाऱ्यांचं संगनमत रोखणारी कलमं लागू झाली २० मे २००९ ला. तोवर १९६९ चा जुना एमआरटीपी कायदा आणि गावची बाजार समिती. तिच्यावर किती भिस्त ठेवायची, हे तुमच्या आजोबांना विचारा. त्याच काळात विदर्भात शेतकरी आत्महत्या वाढल्या. कारणं अनेक होती. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग ३,७५० कोटींचं पॅकेज घेऊन आले.

ब्रिटननं युरोपीय संघ सोडला तेव्हा तिथली स्पर्धा यंत्रणा आधीपासून उभी होती. २०२१ पासून तिनं मोठे सौदे स्वतः तपासायला घेतले. गेमर मंडळींना आठवत असेल, २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्ट-ॲक्टिव्हिजन सौदा लंडननं अडवला, ब्रुसेल्सनं मात्र अटींवर पास केला. मायक्रोसॉफ्टला सौदा बदलावा लागला. आपल्याकडे भिंत आधी पडली, पहारेकरी सात वर्षांनी आला.

बियाण्याचं वेगळं आहे. २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं, बियाणं विकत घेणारा शेतकरी 'ग्राहक'च. उगवलं नाही तर ग्राहक आयोगात जाता येतं. तोच शेतकरी कापूस विकायला उभा राहिला की ग्राहक नसतो. चार खरेदीदारांनी मिळून भाव पाडला, तर अर्ज त्या दुसऱ्या, दिल्लीच्या सीसीआयकडे.