नांगर सोडून गेलेला सेनापती : एका घराण्याची कथा

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचा इतिहास वाचणाऱ्याला इझ्रायल पुटनम भेटतो तो शेतात. 1775 च्या एप्रिलमध्ये लेक्सिंग्टन येथे इंग्रज शिपायांनी गोळ्या झाडल्याची बातमी कनेक्टिकटमधील त्याच्या गावी पोहोचली, तेव्हा सत्तावन्न वर्षांचा हा शेतकरी मुलासह शेत नांगरीत होता. नांगर तेथेच टाकून तो घोड्यावर बसला आणि बॉस्टनच्या दिशेने निघाला. या चित्रावर अमेरिकन मुलांच्या पिढ्या पोसल्या गेल्या. परंतु त्या नांगराच्या मागे जमिनीची आणखी एक कथा आहे; आणि भाऊबंदकी म्हणजे काय हे महाराष्ट्रातील श्रोत्यांना समजावून सांगावयास नको.

जॉन पुटनम हा मूळ पुरुष 1640 च्या सुमारास इंग्लंडच्या बकिंगहॅमशर परगण्यातून मॅसॅच्युसेट्समध्ये आला. सेलम गावाच्या परिसरात त्याच्या वंशजांनी पुष्कळ जमीन केली. त्याचा मुलगा थॉमस याने पहिली पत्नी वारल्यावर सेलम बंदरातील एका सुखवस्तू विधवेशी लग्न केले. तिला जोसेफ हा एकच मुलगा झाला. 1686 मध्ये थॉमस वारला आणि मृत्युपत्र उघडले, तो राहते घर व जमिनीचा उत्तम भाग सोळा वर्षांच्या जोसेफकडे आणि त्याच्या आईकडे गेलेला! थोरल्या पातीच्या मुलांनी, म्हणजे धाकट्या थॉमसने व त्याच्या भावांनी, मृत्युपत्राला हरकत घेतली. ती चालली नाही. पुढे 1690 मध्ये जोसेफने पोर्टर घराण्यातील मुलगी केली. पोर्टर म्हणजे पुटनमांचे गावातील प्रतिस्पर्धी. जखमेवर मीठच म्हणावयाचे.

दोनच वर्षांनी सेलममध्ये चेटकिणींचा तो भयंकर खटला उभा राहिला. पुष्कळशा फिर्यादींखाली सही होती याच धाकट्या थॉमसची, आणि झटके येऊन माणसांची नावे घेणाऱ्या मुलींत त्याची बारा वर्षांची ॲन अग्रभागी होती. एकोणीस जणांना फाशी झाली. एक वृद्ध शेतकरी छातीवर दगड रचून मारला गेला. वाटणीच्या रागातूनच हे सारे घडले, असे काही अभ्यासक म्हणतात. मला ते पुरते पटत नाही. सीमेवरील लढायांचे भय, धर्मोपदेशकावरून पडलेले तट, हेही त्यात होते. पण मनात साठलेला राग अशा वेळी वाट शोधतो, एवढे खरे.

जोसेफ मात्र सावत्र भावाच्या विरुद्ध उभा राहिला. त्याचे सासरे इझ्रायल पोर्टर यांनी रिबेका नर्स या वृद्ध, धर्मशील बाईच्या बाजूने साक्ष दिली; ती बाई तरीही फाशी गेली. त्या महिन्यांत जोसेफने घोड्यावरचे खोगीर उतरवले नाही आणि भरलेली बंदूक हाताशी ठेवली, अशी घराण्यात परंपरा आहे. ती जशीच्या तशी घ्यावी असा आग्रह नाही. आपल्याच पुतणीने आपले नाव घेतले तर पळावे लागेल, ही भीती मात्र मुळीच खोटी नव्हती. 1695 मध्ये जोसेफची आई वारली, तिने सावत्र मुलगा थॉमसला ठेवले पाच शिलिंग. 1706 मध्ये ॲनने भर चर्चमध्ये आपली कबुली वाचून घेतली आणि निरपराध माणसे बळी पडल्याबद्दल क्षमा मागितली.

याच जोसेफच्या घरी 1718 मध्ये आपला नायक जन्मला आणि त्याला आजोबांचे, पोर्टरांचे, नाव मिळाले. वडील तो लहान असतानाच गेले. वाटणीला आलेली जमीन भावांना विकून 1740 च्या सुमारास तो कनेक्टिकटमध्ये गेला. मेहुण्याबरोबर पाचशे एकरांवर जमीन घेऊन त्याने ती झाडे तोडून, दगड वेचून पिकाखाली आणली. पुढे फ्रेंचांशी युद्ध झाले, त्यात तो 1755 पासून होता. 1758 मध्ये तर शत्रूच्या बाजूच्या आदिवासींनी त्याला झाडाला बांधून भोवती आग पेटवली होती, एका फ्रेंच अधिकाऱ्याने सोडवले म्हणून वाचला. बंकर हिल, लाँग आयलंड येथील त्याचे यशापयश इतिहासाच्या पुस्तकांत आहेच; सेनापती म्हणून तो फारसा थोर नव्हता, असे माझे मत. 1779 च्या अखेरीस अर्धांगाचा झटका आला आणि तलवार सुटली. 1790 मध्ये तो आपल्या गावी वारला.

तो जेथे जन्मला ते जोसेफचे घर अजून उभे आहे. त्या जुन्या सेलम गावाला आता डॅन्व्हर्स म्हणतात.