यात्रेकरूंचे बंदर

स्कॉटलंडच्या दक्षिण किनाऱ्यावर आयल ऑफ व्हिटहॉर्न हे मासेमारांचे चिमुकले गाव आहे. येथील बेट आता नावापुरतेच उरले आहे. बांध घालून ते केव्हाच मुख्य भूमीला जोडले गेले. या जुन्या बेटावर छप्पर नसलेले एक दगडी चॅपेल उभे आहे. ते सुमारे इ. स. 1300 मधले. आयर्लंड व आयल ऑफ मॅन येथून गलबतांनी येणारे यात्रेकरू येथे उतरत, सुखरूप प्रवासाबद्दल देवाचे आभार मानीत आणि पुढे व्हिटहॉर्नला संत निनियनच्या कबरीकडे पायी निघत. राणीच्या आजारपणानिमित्त 1507 साली राजा चौथा जेम्स हाही एडिंबरोहून पायीच तेथे गेला होता. धर्मसुधारणेनंतर 1581 साली संसदेने यात्रांवर बंदी घातली आणि ही वाट ओस पडली. पुढे 1898 साली ब्यूटच्या कॅथलिक मार्क्विसने चॅपेलच्या अवशेषांची डागडुजी करविली.

समुद्र मात्र सर्वांनाच सुखरूप परत आणीत नाही. 11 जानेवारी 2000 रोजी ‘सॉल्वे हार्वेस्टर’ ही मासेमारी नौका वादळात आयल ऑफ मॅनजवळ बुडाली व या परिसरातील सात जण प्राणांस मुकले. गावात त्यांचे स्मारक आहे. चॅपेल पाहावयास येणाऱ्याने तेथेही क्षणभर थांबावे, असे आम्हांस वाटते. आभाराची प्रार्थना आणि मृतांसाठीची प्रार्थना, दोन्ही याच किनाऱ्याच्या आहेत.