सायकलींचे शहर आणि आपला सायकल स्टँड

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी सोसायटीचा इतिहास लिहा, असे संपादक मंडळाने सांगितले. मी जुने कागद काढून बसलो, त्यात बिल्डिंगचा मंजूर नकाशा हाती लागला. पार्किंगच्या तक्त्यात तीन रकाने होते: कार, स्कूटर आणि सायकल. तिसरा रकाना पाहून मी थांबलो. म्हटलं, इतिहास लिहायचा तर याचाच लिहू.

आजच्या मुलांना खरं वाटणार नाही, पण पुणे हे 'सायकलींचे शहर' म्हणून ओळखले जायचे. विद्यार्थी, कारकून, प्राध्यापक, कामगार, सगळे सायकलवर. तासावर भाड्याने सायकल देणारी दुकाने पेठापेठांतून होती. सायकलला नगरपालिकेचा बिल्ला लागे. रात्री दिवा नसला किंवा डबलसीट दिसलात, की पोलीसमामा शिट्टी मारत. १९७०च्या दशकात मी बँकेत कारकून म्हणून लागलो, तेव्हा आमच्या शाखेच्या मागच्या बोळात सायकलींची रांग असे, आणि मॅनेजर साहेबांची सायकल त्यातच उभी असे.

मग हे बदलले कसे? एका दिवसात नाही. १९७२ साली बजाजची चेतक आली, त्याच सुमारास किनेटिकची लूना आली. स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत. १९९१ नंतर गाड्या मुबलक झाल्या, कर्ज सोपे झाले. यात आम्हा बँकवाल्यांचाही हात आहे. मी स्वतः कितीतरी दुचाकींची कर्जे मंजूर केली आणि प्रत्येक सही आनंदाने केली. शहर चहूबाजूंनी पसरले, अंतरे वाढली, बस अपुरी पडली. माणूस काय करणार? २०१८ च्या सुमारास पुण्यात नोंदलेल्या वाहनांची संख्या लोकसंख्येच्या पुढे गेल्याच्या बातम्या आपण सर्वांनी वाचल्या.

सरकारदरबारी विचार झाला नाही असे नाही. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात स्पष्ट म्हटले होते की रस्त्याची जागा वाहनांसाठी नव्हे, माणसांसाठी वाटायची. त्याच वर्षाअखेरीस पुण्यात बीआरटी सुरू झाली, तिच्या बाजूने सायकल ट्रॅकही आले. पुढे महापालिकेने सबंध शहराचा सायकल आराखडा करून घेतला आणि डिसेंबर २०१७ मध्ये मुख्य सभेने तो मंजूर केला. ८०० किलोमीटरहून अधिक लांबीचे जाळे, चौकांची सुरक्षित रचना, सायकल लावायला जागा, भाड्याच्या सायकली, असा तो दीर्घ पल्ल्याचा आराखडा आहे. भाड्याच्या सायकली त्याच सुमारास आल्यासुद्धा. मोबाईलवर कुलूप उघडायचे नि निघायचे. पण दोन-तीन वर्षांत त्या रस्त्यावरून दिसेनाशा झाल्या.

ट्रॅकचे काय झाले ते आपण रोज पाहतो. कुठे मध्येच विजेचा डीपी, कुठे लावलेल्या गाड्या, कुठे स्टॉल, आणि चौक आला की ट्रॅक संपतो. नेमका जिथे धोका जास्त, तिथेच वाट नाही! साखळीची एक कडी निसटली की सायकल चालत नाही, सायकल मार्गाचेही तसेच. दहापैकी नऊ भाग उत्तम असले तरी दहाव्या भागाच्या भीतीने आई मुलाला सायकलवर पाठवत नाही.

हॉलंडचे उदाहरण नेहमी दिले जाते. आपल्याला वाटते ते लोक जन्मतःच सायकलवाले. तसे नाही. १९५० ते ७० च्या काळात तिथली शहरेही मोटारींनी भरली होती. रस्त्यावर मुले मरू लागली तेव्हा आईवडील रस्त्यावर उतरले. १९७३ च्या तेलटंचाईत काही रविवार मोटारी बंद राहिल्या, तेव्हा लोकांना आपले रस्ते पुन्हा दिसले. नंतर दरवर्षी थोडे थोडे, पण न थांबता काम होत राहिले. पन्नास वर्षांचे आवर्ती खाते म्हणा ना! हप्ता चुकवला नाही, म्हणून रक्कम जमली.

आता आपल्या खात्याकडे येतो. जिन्याजवळ आपला सायकल स्टँड होता, जुन्या सभासदांना आठवत असेल. २००९ च्या वार्षिक सभेत तो काढून तिथे चार मोटारींची जागा करायचे ठरले. मी तेव्हा खजिनदार होतो. पार्किंग शुल्कातून वर्षाला किती उत्पन्न वाढेल, याचा हिशेब मीच मांडला होता. एका भगिनींनी विचारले, ''मुलांच्या सायकली कुठे ठेवायच्या?'' मी म्हणालो, ''गॅलरीत ठेवा की!'' सभा हसली, ठराव झाला.

तिसऱ्या मजल्यावरून रोज सायकल खाली-वर कोण करणार? वर्ष-दोन वर्षांत मुलांनी सायकली सोडल्या. धुणीभांडी करायला येणाऱ्या दोघीजणी सायकलने यायच्या, त्या गेटबाहेर लावू लागल्या. त्यातली एक चोरीला गेली. माझ्या हिशेबात हा खर्च कुठेच धरलेला नव्हता.

महापालिकेला नावे ठेवणे सोपे आहे, मीही ठेवतो. पण शहराच्या आराखड्याची पहिली कडी आपल्या जिन्याखाली होती आणि ती आपणच, नेमकं सांगायचं तर मी, काढली.

गेल्या वर्षी डोळ्यांच्या ऑपरेशननंतर मी गाडी विकली. माझी पार्किंगची जागा रिकामी आहे. तिथे दहा-बारा सायकली सहज मावतील. पुढच्या वार्षिक सभेत मी ती सायकल स्टँडसाठी द्यायचा ठराव मांडणार आहे. कमिटीने विषयपत्रिकेत घ्यावा आणि सर्व सभासदांनी अगत्याने उपस्थित राहावे, ही विनंती. या वेळी हिशेब नीट करून आणीन.