तळटीप : ‘पिल्लं’

१. पिल्लं : ‘पिल्लू’ या नपुंसकलिंगी शब्दाचं बोलीतलं अनेकवचन, छापील प्रमाण रूप ‘पिल्ले’. गाईचं वासरू, म्हशीचं रेडकू, घोडीचं शिंगरू, शेळीचं करडू. आणि उस्मानाबादी शेळीच्या या धाराशिव जिल्ह्यात करडाला पिल्लू म्हणाल तर लोक हसतील. कुत्रीच्या वाट्याला असं राखीव नाव आलं नाही. पिल्लू मांजरीचं, कोंबडीचंही. तरी ‘कडब्याच्या गंजीआड व्यालीय, चार पिल्लं हायती’ एवढ्यावर गावाला कुत्रीच कळते. तेलुगूत ‘पिल्ला’ माणसाच्या लेकरालाही चालतं. उमरग्यापलीकडे कन्नडात मात्र ‘नायिमरी’. ‘पिल्लू सोडणे’ म्हणजे अफवा उठवणे. इथे तो अर्थ नाही, पिल्लं खरीच आहेत, डोळेही न उघडलेली.